‘कवीला काय म्हणायचे आहे?’: रोलाँ बार्थ समजून घेताना

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या ओळींखाली एक प्रश्न हमखास असतो: ‘या ओळींतून कवीला काय म्हणायचे आहे?’ आपण सगळ्यांनी त्याचे उत्तर लिहिले आहे. कवीला कोणी विचारलेले नसते. तो कधीच वारलेला असला तरी प्रश्न वर्तमानकाळातच येतो. उत्तर गाइडात छापलेले असते, तेवढेच बरोबर धरले जाते, आणि कविता वाचताना आपल्या मनात जे काही हललेले असते त्याला उत्तरपत्रिकेत जागा नसते.

हल्ली हाच प्रश्न वेगळ्या वाटेने समोर येऊन ठेपला आहे. संगणकाला दोन ओळींची सूचना दिली की तो कविता, निबंध, शोकसंदेश, काहीही लिहून देतो. वाचताना कधी कधी गलबलूनही येते. मग कळते, हे कोणी ‘म्हटलेले’च नाही. या चर्चेत एक फ्रेंच नाव आणि एक शब्दप्रयोग सारखा कानावर पडतो: समीक्षक रोलाँ बार्थ आणि ‘लेखकाचा मृत्यू’ हे त्याच्या एका निबंधाचे शीर्षक. (फ्रेंच उच्चार ‘बार्त’च्या जवळ जातो, मराठीत ‘बार्थ’ रुळले आहे, तेच इथे ठेवतो.) बहुतेक वेळा हा शब्दप्रयोग घोषणेसारखा फेकला जातो. लेखक मेला, आता वाटेल तो अर्थ लावा. किंवा यंत्र आले, बार्थचे भाकीत खरे ठरले. मला दोन्ही पटत नाही. बार्थने आयुष्यभर जी धडपड केली ती वाचणाऱ्याला त्याची जागा मिळावी म्हणून होती, असे मला वाटते. आणि ते समजायला त्या निबंधाच्या बरेच मागे जावे लागते.

आजारपणात घडलेला वाचक

बार्थचा जन्म १२ नोव्हेंबर १९१५ चा, नॉर्मंडीतल्या शेरबूर या बंदराच्या गावी. वडील लुई नौदलात अधिकारी होते. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१६ मध्ये, उत्तर समुद्रातल्या लढाईत ते मारले गेले. मुलाला अजून वर्षही पुरे झाले नव्हते. आई आँरिएत हिने त्याला वाढवले. आधी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बायोन गावी सासरच्या माणसांत, मग १९२४ पासून पॅरिसमध्ये. पुस्तकबांधणीचे काम करून ती घर चालवी. बायोनच्या घरी आत्या पियानो शिकवायची, आणि बार्थ जन्मभर हौसेने पियानो वाजवत राहिला. आईचे वडील मात्र वेगळ्याच जगातले: लुई-ग्युस्ताव बँजे, पश्चिम आफ्रिका पालथी घालणारा प्रवासी आणि पुढे आयव्हरी कोस्ट या फ्रेंच वसाहतीचा गव्हर्नर. हे नाते लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मुलगा हुशार होता. फ्रान्समध्ये अशा मुलांसाठी ठरलेला रस्ता असतो: नामांकित शाळा, अवघड स्पर्धापरीक्षा, मग प्राध्यापकी. १९३४ साली, अठराव्या वर्षी, त्याला क्षय झाला आणि तो रस्ता बंद पडला. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठातून अभिजात भाषांची पदवी त्याने घेतली, मित्रांबरोबर प्राचीन ग्रीक नाटके करणारा गट काढला, पण क्षय पुन्हा उलटला. १९४२ ते १९४६ या काळातला बराचसा वेळ त्याने आधी आल्प्सच्या कुशीतल्या आणि मग स्वित्झर्लंडमधल्या लेझँ इथल्या आरोग्यधामात काढला. खाली युरोपभर महायुद्ध चालू होते आणि हा वर डोंगरात आडवा पडून होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध अजून रुग्णांपर्यंत पोचले नव्हते. विश्रांती, मौन आणि थंड हवा हाच उपचार. या सक्तीच्या निवांतपणात त्याने मिशले या एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकाराचे लेखन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचले आणि आवडलेली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून घेतली. त्या चिठ्ठ्या तो पत्त्यांसारख्या पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमाने लावून बघे. मला त्याच्या पुढच्या सगळ्या विचारांचे मूळ इथेच दिसते. वाक्ये मिशलेचीच, पण लावणारा हात वाचकाचा.

१९४५ मध्ये लेझँला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि बरगडीचा एक तुकडा काढावा लागला. डॉक्टरांनी तो तुकडा त्यालाच परत दिला. बार्थने तो कितीतरी वर्षे खणात, जुन्या किल्ल्या आणि किरकोळ वस्तूंच्या सोबत, ठेवला होता. टाकवेना आणि ठेवून उपयोगही नव्हता. शेवटी एके दिवशी त्याने तो पॅरिसच्या घराच्या सज्जातून खाली रस्त्यावर भिरकावून दिला. स्वतःच्या शरीराचा तुकडाही वेगळा झाल्यावर आपला उरतो का, याचे उत्तर न देता त्याने ही हकिकत पुढे लिहून ठेवली आहे.

पुढे बुखारेस्ट आणि अलेक्झांड्रिया इथे तो फ्रेंच शिकवत होता. पहिले पुस्तक आले १९५३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. प्राध्यापक होण्याची ती मोठी परीक्षा आणि डॉक्टरेट ही दोन्ही त्याच्याकडे कधीच नव्हती.

ताटातले व्याकरण

बार्थला समजायला एकच पारिभाषिक शब्द लागतो: चिन्हमीमांसा. एखाद्या गोष्टीला अर्थ कसा येतो, याचा अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा. एवढेच.

तिची सुरुवात फेर्दिनाँ द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञापासून होते. ‘झाड’ या आवाजात झाडासारखे काही नाही. मराठी माणसे त्याला झाड म्हणतात, फ्रेंच ‘आर्ब्र’ म्हणतात, दोघांचेही भागते. म्हणजे शब्द आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने दिलेले नाही. ते समाजाने पाडलेले वळण आहे. शिवाय एका चिन्हाला एकट्याने अर्थ नसतो. रस्त्यावरचा लाल दिवा ‘थांबा’ म्हणतो, कारण शेजारी हिरवा आहे. (गंमत पाहा, सोस्यूरचे प्रसिद्ध पुस्तक त्याने स्वतः लिहिलेलेच नाही. १९१३ साली तो वारला. त्याच्या व्याख्यानांच्या वह्या जमवून सहकाऱ्यांनी ते १९१६ मध्ये सिद्ध केले.)

सोस्यूरने सुचवले होते की भाषेपलीकडच्या चिन्हांचेही असे शास्त्र व्हावे. बार्थने ते मनावर घेतले: कपडे, जेवण, जाहिरात, गाड्या. १९६४ च्या एका छोट्या पुस्तकात त्याने उपाहारगृहाच्या मेन्यूचे उदाहरण घेतले आहे. आपण आपले ताट घेऊ. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात-वरण. ‘डावी बाजू’ म्हटले की काय ते घरात सगळ्यांना कळते. चटणीच्या जागी लोणचे चालेल, पण भाताच्या जागी चटणीचा ढीग घातला तर पाहुणा चमकेल. म्हणजे इथे दोन गोष्टी आहेत: कोणत्या जागी काय-काय येऊ शकते याची यादी, आणि त्या जागांची मांडणी. वाक्यातही नेमके हेच असते. ताट वाढणाऱ्या आजीने व्याकरण शिकलेले नसते, पण ताटाचे व्याकरण ती बिनचूक बोलते.

आणि ते व्याकरण सक्तीचे असते. १९७७ साली बार्थ एका व्याख्यानात म्हणाला की भाषा फॅसिस्ट आहे. हे वाक्य पुष्कळांना झोंबले. त्याचे कारण त्याने लगेच दिले होते: हुकूमशाही नुसते बोलायला बंदी करत नाही, ती बोलायला भाग पाडते. त्याची उदाहरणे साधी होती. फ्रेंचमध्ये स्त्रीलिंग किंवा पुल्लिंग निवडावेच लागते. ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावेच लागते. मराठीत तर ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ म्हणताच आपण आपली ओळख सांगून मोकळे होतो, सांगायची असो वा नसो.

न्हाव्याच्या दुकानातला अंक

१९५४ ते १९५६ या काळात बार्थ दर महिन्याला एक-दोन छोटे लेख लिहीत होता. विषय एकदम रोजचे: कुस्तीचे फड, बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि मांसाचा तुकडा, प्लास्टिकची खेळणी, सित्रोएनची नवी मोटार, सायकलशर्यत, साबणाची पूड. १९५७ मध्ये ते ‘मितोलोजी’ म्हणजे ‘मिथके’ या नावाने पुस्तकरूपात आले. बार्थचे एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी हे सुचवेन.

साबणाच्या पुडीवरचा लेख घ्या. एक जाहिरात म्हणते आमची पूड मळ हलकेच बाहेर काढते, दुसरी म्हणते आमची खोलवर शिरते. बार्थ विचारतो, कापडाला ‘खोली’ कधीपासून आली? आणि फेस? फेसाने कपडे स्वच्छ होतात असे नव्हे. फेस म्हणजे विपुलता, चैन. डोळ्यांना मऊ वाटणारी वस्तू कपड्याला झिजवते हे त्या फेसाखाली झाकले जाते. शेवटी तो सांगतो की भांडणाऱ्या या दोन पुड्या, पर्सिल आणि ओमो, एकाच ठिकाणी एक होतात: दोन्ही युनिलिव्हरच्याच आहेत.

त्याहून महत्त्वाचे उदाहरण पुस्तकाच्या शेवटच्या, मोठ्या निबंधात आहे. बार्थ न्हाव्याच्या दुकानात बसला आहे. वाचायला ‘पारी-माच’ या सचित्र साप्ताहिकाचा अंक हातात दिला जातो. मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला एक काळा, कोवळा मुलगा सलाम करतो आहे. नजर वर लागलेली, बहुधा फ्रेंच झेंड्याकडे. वर्ष १९५५. व्हिएतनाम नुकताच हातचा गेलेला, अल्जीरियात युद्ध पेटलेले.

चित्राचा पहिला अर्थ सरळ आहे: एक मुलगा सलाम करतोय. पण त्या अर्थावर दुसरा मजला चढवलेला आहे: फ्रान्सचे साम्राज्य थोर आहे, रंगभेद न करता सगळी लेकरे त्याची सेवा करतात, आणि जुलमाची ओरड करणाऱ्यांना हे घ्या उत्तर. हा दुसरा मजला कुठेही लिहिलेला नाही. म्हणून तो खोडून काढता येत नाही. ‘अहो, फोटोच आहे ना, खराच आहे ना तो मुलगा?’ असे म्हणून कोणीही हात झटकू शकतो. तो मुलगा कुठला, कोणी त्याला उभे केले, त्याच्या गावात काय चालले होते, हे सगळे पातळ होऊन जाते आणि साम्राज्य ही डोंगर-नदीसारखी नैसर्गिक गोष्ट वाटू लागते. बार्थ याला मिथक म्हणतो: माणसांनी केलेल्या गोष्टीला निसर्गाचा मुखवटा चढवणे.

हे लिहिणारा वसाहतीच्या गव्हर्नरचा नातू होता. त्याने हे परक्याच्या घरावर बोट दाखवून लिहिलेले नाही, आणि म्हणून मला त्याचे वजन जास्त वाटते.

आपल्याकडचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. चहा. आलेल्या माणसाला चहा न विचारणे हे उद्धटपणाचे. ‘चहा घेत नाही’ म्हणणाऱ्याकडे आपण क्षणभर बघतो. चहा आपल्याला मातीतला वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी मळेवाल्यांना हिंदुस्थानात गिऱ्हाईक हवे होते म्हणून चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके दाखवत, फुकट पेले वाटत तो घरोघरी पोचवला गेला. बार्थने वाइनबद्दल असेच लिहिले आहे. फ्रेंच माणसाला वाइन रक्तात आहे असे वाटते. पण ती वाइन अल्जीरियात, मद्य न पिणाऱ्या मुस्लिमांच्या हिसकावलेल्या जमिनीवरही पिकते, जिथे त्यांना भाकरीची वानवा आहे. वाइन चांगली आहे हे तो नाकारत नाही. ती निरागस नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

लेखक कुठे मेला?

आता तो निबंध. जाहिरात किंवा मुखपृष्ठ वाचताना ‘छायाचित्रकाराला काय म्हणायचे होते’ हे विचारून फारसे हाती लागत नाही, हे आपण पाहिले. बार्थने हीच नजर साहित्याकडे वळवली.

‘लेखकाचा मृत्यू’ हा अवघा काही पानांचा निबंध आहे. तो पहिल्यांदा छापला गेला १९६७ मध्ये, तोही फ्रान्समध्ये नाही. अमेरिकेत ‘ॲस्पेन’ नावाचे एक नियतकालिक डब्यात घालून यायचे: सुटी पत्रके, ध्वनिमुद्रिका, चित्रफिती. कोणत्या क्रमाने वाचायचे, ऐकायचे ते घेणाऱ्याने ठरवायचे. अशा डब्यातला हा एक निबंध, इंग्रजी अनुवादात. मूळ फ्रेंच १९६८ मध्ये आला.

सुरुवात बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराच्या ‘सारासिन’ या १८३० च्या कथेतल्या एका वाक्याने होते. सारासिन हा शिल्पकार रोममध्ये झांबिनेला या गायिकेच्या प्रेमात पडतो. प्रत्यक्षात ती लहानपणी खच्ची केलेला पुरुष गायक असते. वाक्यात ‘ही तर साक्षात स्त्रीच’ अशा अर्थाचे वर्णन आहे. बार्थ विचारतो: हे कोण बोलते आहे? फसलेला सारासिन? बायकांविषयी स्वतःचा अनुभव असलेला बाल्झाक नावाचा माणूस? ‘बायकी’ म्हणजे काय हे ठरवून बसलेला लेखक बाल्झाक? की त्या काळातले सर्वसाधारण शहाणपण? ठरवता येत नाही. आणि कधीच येणार नाही.

तोवर फ्रेंच समीक्षेत रीत अशी होती की कलाकृती समजली नाही की कलावंताच्या चरित्रात शिरायचे. व्हॅन गॉगची चित्रे म्हणजे त्याचे वेड, बोदलेरच्या कविता म्हणजे त्याच्या आयुष्याचे अपयश. चरित्राची किल्ली लागली की कलाकृतीचे कुलूप उघडले, काम संपले. बार्थ म्हणतो, किल्ली एकच आहे असे मानल्यामुळे वाचनच संपते.

त्याच्या जागी तो वेगळे चित्र देतो. फ्रेंच ‘तेक्स्त’ हा शब्द लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदावरून आला आहे. (आपला ‘ग्रंथ’ही गुंफण्यातून, गाठीतून आला आहे.) संहिता म्हणजे असंख्य ठिकाणांहून आलेल्या धाग्यांचे वस्त्र. कोणताच धागा पहिल्यांदा कातलेला नसतो; शब्द, म्हणी, कथा, लय, सगळे आधी कोणीतरी वापरलेले. मी हाच लेख लिहिताना ‘डोंगराच्या कुशीत’ म्हटले तर ती कूस माझी नव्हे.

मग हे सगळे धागे एकत्र कुठे येतात? बार्थ ग्रीक नाटकाकडे बोट दाखवतो. तिथे एकेका शब्दाला दोन अर्थ असतात. रंगमंचावरचा प्रत्येक जण त्यातला एकच ऐकतो आणि तिथेच त्याचा घात होतो. दोन्ही अर्थ ऐकणारा एकच असतो, समोर बसलेला प्रेक्षक. साहित्यात ही जागा वाचकाची. म्हणून निबंधाचे शेवटचे वाक्य असे की वाचकाच्या जन्माची किंमत लेखकाच्या मृत्यूने चुकवावी लागते.

आपल्या जात्यावरच्या ओव्या मला इथे आठवतात. दळताना म्हणणाऱ्या बाईला ‘ओवीकाराला काय म्हणायचे आहे’ हा प्रश्न सुचतही नाही. ओवी कोणी रचली ते ठाऊक नसते. म्हणताना ती तिची होते, एखादा शब्द बदलूनसुद्धा. लेखक नावाच्या एका मालकाभोवती साहित्य फिरते ही कल्पना आधुनिक युरोपने घडवली, असे बार्थ निबंधात सांगतो. ज्या समाजांत गोष्ट सांगणाऱ्याची हातोटी वाखाणली जाते, पण गोष्ट त्याच्या मालकीची मानली जात नाही, त्यांचा तो उल्लेखही करतो.

मग वाटेल तो अर्थ लावायचा?

हा आक्षेप पहिल्यापासून आहे, आणि रास्त आहे. बार्थने त्याला उत्तर दिले ते वाद घालून नाही, काम करून. १९७० मध्ये त्याचे ‘एस/झेड’ हे पुस्तक आले. विषय तीच ‘सारासिन’. बाल्झाकच्या तीसेक पानांच्या कथेवर दोनशेहून जास्त पाने! कथेचे त्याने ५६१ तुकडे केले, कधी एक वाक्य, कधी दोन शब्द. सुपात तांदूळ घेऊन खडा-खडा निवडावा तसा प्रत्येक तुकडा तो बघतो: इथे रहस्य वाढले का, इथे कृती पुढे सरकली का, इथे एखाद्या पात्राचा गुण हळूच सुचवला गेला का, इथे कोणते विरोध आमनेसामने आले, इथे त्या काळचे कोणते ‘सर्वमान्य ज्ञान’ गृहीत धरले आहे.

मनाला येईल ते बोलणारा माणूस ५६१ वेळा थांबत नाही. लेखकाचा धाक गेला तरी शब्दांचा धाक राहतो, किंबहुना वाढतो. पूर्वी ‘कवीला असे म्हणायचे आहे’ म्हटले की सुटका होई. आता प्रत्येक अर्थासाठी ओळीवर बोट ठेवून दाखवावे लागते. शाळेतल्या प्रश्नाच्या जागी ‘या ओळीत असे काय आहे ज्यामुळे तुला हे वाटले?’ असे विचारले, तर मुलाला पळवाट कमी मिळते आणि वाटा जास्त.

बार्थ विनाकारण अवघड लिहितो, हा दुसरा आक्षेप. १९६५ मध्ये सॉर्बोनचे रेमाँ पिकार या प्राध्यापकांनी एक पुस्तिकाच काढली आणि रासिन या नाटककारावरचे बार्थचे लेखन म्हणजे भोंदूगिरी आहे असे म्हटले. बार्थने १९६६ मध्ये उत्तर दिले की ज्याला तुम्ही ‘स्वच्छ फ्रेंच’ म्हणता तीही एका गटाचीच बोली आहे. पटण्यासारखे आहे. तरीही फॅशनच्या मासिकांवरचे त्याचे १९६७ चे जाडजूड पुस्तक मला रुक्ष वाटते. ते सोडून पुढे गेलात तर काही बिघडत नाही.

ज्यांना ‘मी’ म्हणूच दिले नव्हते त्यांचे काय?

मला सगळ्यांत टोचणारा आक्षेप हा आहे. पुढे अनेक स्त्रीवादी समीक्षकांनी तो घेतला: शतकानुशतके ज्यांना लेखक म्हणून मोजलेच नाही, ते लिहू लागले तेव्हाच लेखक मेल्याची बातमी कशी आली?

महाराष्ट्रात हा प्रश्न कागदी नाही. बार्थचा निबंध आला त्यानंतर दशकभराने, १९७८ मध्ये, दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रकाशित झाले. तिथे ‘हे कोण बोलते आहे’ याला उत्तर आहे, आणि ते उत्तर पुसले तर पुस्तकच पुसले जाते. म्हणून बार्थचा निबंध सगळीकडे सारखा लावता येत नाही असे माझे ठाम मत आहे. तो ज्या सिंहासनाविरुद्ध लिहिला गेला, त्या सिंहासनावर बसलेल्यांनाच तो लागू पडतो. उभे राहायलाही जागा नसलेल्या माणसाला ‘उतर खाली’ म्हणण्यात काय अर्थ?

पण इथे एक चकित करणारी गोष्ट आहे. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली हकिकत सांगतो आणि दया पवार ती ऐकतात, एकच माणूस, दोन आवाज. आणि तीनच वर्षे आधी, १९७५ मध्ये, बार्थने स्वतःवर एक पुस्तक लिहिले, ‘रोलाँ बार्थ – लेखक रोलाँ बार्थ’. सुरुवातीलाच त्याच्या हस्ताक्षरात सूचना आहे की हे सगळे कादंबरीतले एखादे पात्र बोलते आहे असे समजावे. आत स्वतःसाठी कधी ‘मी’, कधी ‘तो’. दोघांची दुःखे वेगळी, कारणे वेगळी; एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तरी ‘मी’ हा शब्द दोघांनाही एकसंध, तयार मिळालेला वाटला नाही.

यंत्र लिहिते तेव्हा

संगणकाचा मजकूर आधीच्या अगणित मजकुरांच्या धाग्यांतून विणलेला असतो, हे बार्थच्या वर्णनाशी जुळते. म्हणून अनेकांना ते भाकीत वाटते. पण बार्थच्या वाक्याला दुसरी बाजू होती: वाचकाचा जन्म. लेखकाची खुर्ची रिकामी करायची ती वाचकाने मेहनतीने, चवीने वाचावे म्हणून. आज आपण लिहिणे यंत्राकडे देतोच, शिवाय आलेला लांब मजकूर ‘थोडक्यात सांग’ म्हणून पुन्हा त्याच यंत्रापुढे टाकतो. लिहिणारा नाही आणि वाचणाराही नाही, असा व्यवहार बार्थने कुठे मांडलेला मला आढळला नाही. ५६१ ठिकाणी थांबणाऱ्या माणसाला तो सोसलाही नसता.

राहता राहिली जबाबदारी. नावानिशी छापलेल्या बदनामीला, खोट्या बातमीला कोणीतरी उत्तरदायी असावे लागते. बार्थ अर्थ लावण्याविषयी बोलत होता. त्या निबंधाच्या आडोशाने कोणाला हात झटकता येणार नाहीत. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने १९६९ च्या व्याख्यानात ‘लेखक’ या नावाचा समाज नेमका कशासाठी उपयोग करतो हा प्रश्न घेतला. शिक्षा कोणाला करायची हे ठरवायला ते नाव लागते, हा त्यातला एक मुद्दा होता.

आईचा फोटो

बार्थने लग्न केले नाही. आयुष्यातला बहुतेक काळ तो आईसोबत राहिला. ७ जानेवारी १९७७ ला त्याने कोलेज द फ्राँसमध्ये पहिले व्याख्यान दिले. भाषा फॅसिस्ट असल्याचे वाक्य त्यातलेच. परीक्षा हुकलेला मुलगा फ्रान्समधल्या सर्वोच्च पीठावर बसला होता. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला आई गेली. दुसऱ्या दिवसापासून तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर शोकाच्या नोंदी करू लागला. बासष्टीला टेकलेला माणूस, आणि चिठ्ठ्या पुन्हा तशाच, आरोग्यधामातल्यासारख्या. त्या नोंदी २००९ मध्ये छापल्या गेल्या तेव्हा वाद झाला: त्याला त्या प्रसिद्ध करायच्या होत्या का? ‘लेखकाला काय हवे होते’ हा प्रश्न त्याच्याच दारात येऊन उभा राहिला, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही.

१९७९ च्या वसंतात त्याने छायाचित्रांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो आईचे जुने फोटो चाळतो. एकातही ती सापडत नाही. नाक तिचे, हसू तिचे, ती नाही. मग १८९८ चा एक फोटो हाती लागतो. काचेच्या बागघरात पाच वर्षांची मुलगी भावाशेजारी उभी. त्याच्या जन्माच्या सतरा वर्षे आधीचा. त्यात त्याला आई भेटते.

पुस्तकात इतर पुष्कळ फोटो आहेत, हा एकच नाही. तुम्हाला त्यात काही दिसणार नाही, असे तो सांगतो. लेखकाला हटवणारा माणूस शेवटी इतके खासगी लिहितो, हा विरोध नाही का? मला तो त्याच विचाराचा शेवटचा टप्पा वाटतो. अर्थ वाचणाऱ्याच्या ठिकाणी उमटतो हे इथे त्याने स्वतःच्या काळजावर तपासून पाहिले. याच पुस्तकात एका आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबाचा १९२६ चा फोटो आहे. आधी त्याला एका बाईचे बूट टोचतात. मग कित्येक दिवसांनी, फोटो समोर नसताना, उमगते की खरी टोचणी तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या बारीक माळेची होती. तशीच त्याच्या घरातल्या एका एकट्या राहिलेल्या बाईच्या गळ्यात असे. पुढे अभ्यासकांनी फोटो नीट पाहिला. त्या बाईच्या गळ्यात मोत्यांची माळ आहे.

२५ फेब्रुवारी १९८० ला पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्राँस्वा मितराँ यांच्यासोबतचे जेवण आटोपून बार्थ परतत होता. कोलेज द फ्राँसजवळ रस्ता ओलांडताना लाँड्रीच्या गाडीने त्याला धडक दिली. महिनाभराने, २६ मार्चला, तो गेला. उर्त या गावी आईशेजारीच त्याला पुरले आहे. घरी टंकलेखनयंत्रात एका लेखाचे दुसरे पान अडकवलेले होते. लेख स्तांदाल या फ्रेंच कादंबरीकाराच्या इटलीवरच्या प्रेमाविषयी होता, आणि शीर्षकाचा अर्थ असा: जे आवडते त्याविषयी बोलताना माणूस नेहमीच अपुरा पडतो.